विश्लेषण : सेंद्रिय प्रमाणपत्राचे धागे इंदूरच्या खतखड्ड्यापर्यंत कसे? कोण होते अल्बर्ट हॉवर्ड?

सेंद्रिय प्रमाणपत्र हवे असेल तर शेतकऱ्याला आधी थांबावे लागते. हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षे, फळबागांसाठी तीन. या रूपांतरणाच्या काळात रासायनिक खते आणि कीटकनाशके बंद, उत्पन्न घटण्याची धास्ती, आणि माल मात्र पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. जमिनीला सावरायला वेळ लागतो, या विचाराचा पाया ज्यांनी घातला त्यांत अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव अग्रभागी आहे.

शेत नसलेला शास्त्रज्ञ

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ चा, इंग्लंडमधील शेतकरी कुटुंबातला. केंब्रिजमध्ये शिकून ते वेस्ट इंडिजमध्ये बुरशीतज्ज्ञ झाले. पिकांच्या रोगांवर सल्ला द्यायचा, पण तो पडताळायला हाताशी शेत नाही, ही त्यांची खंत होती. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे नेमणूक झाली आणि पुढे ७५ एकर जमीन मिळाली. आसपासचे शेतकरी फवारणी न करताही निरोगी पिके काढतात, हे त्यांनी पाहिले. शिकवायला आलेला साहेब मग त्यांच्याकडूनच शिकू लागला. शेजारच्या जनावरांत लाळ्या-खुरकूत असूनही आपल्या बैलांना ती झाली नाही, अशी नोंद त्यांनी केली. आजच्या कसोटीवर तो पुरावा अपुरा ठरेल. त्यांच्या विचारांना मात्र त्यातून दिशा मिळाली.

पत्नी गॅब्रिएल स्वतः नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. ‘पुसा’ गव्हाच्या वाणांचे काम दोघांचे, तरी त्यांचे नाव आज क्वचितच घेतले जाते. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

इंदूर पद्धत म्हणजे काय?

१९२४ मध्ये हॉवर्ड इंदूरला आले. तेथील संस्थेचे मुख्य काम कापसाचे होते, पण ती गाजली खतामुळे. पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख उथळ खड्ड्यात थरांनी रचायची, ओल राखायची, तीनदा चाळवायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपात मांडली. १९४० मधील त्यांच्या ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ने ती जगभर पोहोचवली.

मग प्रमाणपत्र कुठून आले?

हॉवर्ड १९४७ मध्ये वारले. ब्रिटनच्या सॉइल असोसिएशनची पहिली मानके त्यानंतर वीस वर्षांनी, १९६७ मध्ये आली. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून लागू झाला. सुपीकता राखण्याची अट त्यातही आहे, पण प्रत्यक्ष तपासणीत बराच वेळ जातो तो नोंदवह्या, खरेदीची बिले आणि शेजारच्या शेतातली फवारणी उडून येऊ नये म्हणून सोडलेला पट्टा पाहण्यात. काय टाकले नाही, हे कागदावर सिद्ध करणे सोपे असते. हॉवर्ड यांचा भर मात्र मातीला परत काय दिले यावर होता.

छोट्या शेतकऱ्याला त्रयस्थ संस्थेचा खर्च जड जातो. त्याच्यासाठी ‘पीजीएस-इंडिया’ ही वेगळी वाट आहे. किमान पाच शेतकऱ्यांनी गट करायचा आणि एकमेकांच्या शेतांची तपासणी करायची. हे प्रमाणपत्र देशांतर्गत बाजारात चालते. निर्यातीसाठी मात्र त्रयस्थ संस्थेचेच लागते.