मुलांच्या न्यायालयात उभे राहिलेले डॉक्टर

पोलंड देशातील वॉर्सा शहरी एका यहुदी कुटुंबात हेन्रिक गोल्डश्मिट यांचा जन्म झाला. यानुश कोर्चाक हे त्यांनी लेखनासाठी घेतलेले नाव. जग त्यांना त्याच नावाने ओळखते. ते मुलांचे डॉक्टर होते. १९१२ साली क्रोख्माल्ना रस्त्यावर यहुदी अनाथ मुलांसाठी नवी इमारत उभी राहिली, तेव्हा रुग्णालय सोडून ते त्या गृहाचे प्रमुख झाले. स्तेफानिया विल्चिन्स्का या बाई त्यांच्या सहकारी होत्या.

या गृहात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. कोणी मारले, चिडवले किंवा वस्तू उचलली, तर दुखावलेल्या मुलाने फळ्यावर फिर्याद नोंदवायची. त्या आठवड्यात ज्यांच्यावर फिर्याद नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. नियमांची संहिता कोर्चाकांनी लिहिली होती. तिची पहिली ९९ कलमे सोडून देण्याची किंवा क्षमा करण्याची होती. दोष ठरवणारी कलमे १०० पासून सुरू होत. १००० वे कलम गृहातून काढून टाकण्याचे. पण त्या मुलालाही तीन महिन्यांनी परत येण्यासाठी अर्ज करता येई. छडीला त्यात जागाच नव्हती.

हे सारे सहज जमले नाही. काही मुले न्यायालयाची टिंगल करू लागली, आणि ते काही काळ बंद ठेवावे लागले. पुन्हा सुरू झाले तेव्हा मोठ्यांवरही फिर्याद करण्याचा हक्क मुलांना मिळाला. खुद्द कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा आरोपी म्हणून उभे राहिले. एकदा त्यांनी एका मुलाच्या कानाखाली मारली होती; एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला होता. आपण खरे शिक्षक झालो ते या खटल्यांमुळेच, असे ते मानीत.

पुढे नाझींनी यहुद्यांना कोंडवाड्यात डांबले. तेथेही जुलै १९४२ मध्ये गृहातील मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. ऑगस्टमध्ये सुमारे २०० मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. निसटण्याची संधी असतानाही कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत. विल्चिन्स्काबाईही त्यांच्याबरोबर गेल्या.

आम्ही शब्बाथशाळेत शिकवतो, तेव्हा पहिल्यांदा चुकलेल्या मुलाला ‘खोडकर’ हे नाव किती चटकन देतो! त्याची बाजू ऐकायला आम्ही थांबतो का? आणि चूक आमची असेल, तर मुलांपुढे उभे राहण्याची आमची तयारी आहे का?