चित्रकार होऊ न दिलेला मुलगा

मानसशास्त्राच्या पुस्तकात मज्जासंस्थेचे प्रकरण आले की आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो. शास्त्र नको म्हणून इकडे आलो, तर ते इथेही दत्त म्हणून उभे! मीही ते प्रकरण कंटाळतच उघडले आणि एका चित्रापाशी थबकले. लहान मेंदूतली एकच पेशी. पण निष्पर्ण वृक्षासारखी फांद्याफांद्यांनी पसरलेली. चित्र हाताने काढलेले होते. खाली नाव होते सान्तियागो रामोन इ काहाल. हा कोण, म्हणून ग्रंथालयात शोधू लागले आणि त्याच्या चरित्रातच गुंतले.

१ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधल्या पेतिया या डोंगराळ खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील न्हाव्याकडे राहून शस्त्रक्रिया शिकत शिकत कष्टाने डॉक्टर झालेले, स्वभावाने करडे. मुलाला मात्र चित्रांचे वेड. वडिलांच्या लेखी हा निव्वळ रिकामटेकडेपणा. एकदा त्यांनी त्याने काढलेले संताचे चित्र गावात चर्च रंगवायला आलेल्या रंगाऱ्यापुढे ठेवले. पोरात काही दम नाही, असा निकाल त्याने दिला आणि विषय तिथेच संपला. एका भिंती रंगवणाऱ्याच्या शब्दावर मुलाचे आयुष्य ठरवले गेले! हे वाचताना मला राहून राहून आमचे घर आठवत होते. मी डॉक्टर व्हायचे, हे आमच्याकडेही मला न विचारताच ठरले होते.

पोराने मग शाळेत उनाडक्या केल्या, घरगुती तोफ बनवून शेजाऱ्याचे फाटक उडवले, तुरुंगाची हवा खाल्ली. वडिलांनी त्याला न्हाव्याकडे, चांभाराकडे उमेदवारीला ठेवून पाहिले. अखेर १८६८ च्या उन्हाळ्यात बापलेक गावच्या स्मशानातून जुनी हाडे घेऊन आले. शरीररचना शिकवायला वडील स्वतः बसले आणि मुलगा ती हाडे चितारू लागला. चित्रे काढायला आता बंदी नव्हती. पुढे तर या चित्रांचा ग्रंथ छापावा, असे वडिलांच्याच मनात आले.

१८७३ मध्ये तो डॉक्टर झाला. सैन्यातर्फे क्यूबाला गेला आणि हिवतापाने खंगून परतला. १८८५ च्या पटकीच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक शासनाने त्याला उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. १८८७ मध्ये माद्रिदला एका स्नेह्याने त्याला इटलीच्या कामिल्लो गोल्जीच्या पद्धतीने रंगवलेला मेंदूचा छेद दाखवला. आधी पोटॅशियम डायक्रोमेट, मग सिल्व्हर नायट्रेट. यात शेकडो पेशींमधल्या मोजक्याच, पण शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्या होतात. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसते काळे गचपण दिसले असते.

त्या काळी बहुतेकांचे मत असे, की सगळी मज्जासंस्था म्हणजे एकमेकांत विणलेले अखंड जाळे. गोल्जीही तेच मानी. काहालने पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची पिल्ले व गर्भ घेतले, कारण त्या वयात तंतूंवरचे आवरण पुरते वाढलेले नसते आणि रंग नीट चढतो. त्याला दिसले ते निराळेच. तंतू दुसऱ्या पेशीपाशी जातो, तिला बिलगतो, पण तिच्यात मिसळत नाही. प्रत्येक पेशी स्वतंत्र! १८८८ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने नियतकालिक काढून हे छापले. पण स्पॅनिश वाचतो कोण? म्हणून १८८९ मध्ये पदरमोड करून तो बर्लिनच्या परिषदेला गेला, सूक्ष्मदर्शक मांडून बसला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून छेद दाखवू लागला. ज्येष्ठ शास्त्रज्ञ क्योलिकरला ते पटले आणि युरोपला काहाल ठाऊक झाला.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. पद्धत एकाची, निष्कर्ष दुसऱ्याचा. गोल्जीने पारितोषिकाच्या भाषणातही काहालच्या मताला विरोधच केला. बिचारे आयोजक!

काहाल पृष्ठवंशी प्राण्यांवर थांबला नाही, हे मला विशेष वाटते. आपला मज्जारज्जू पाठीकडून कण्यात जपलेला. कीटकांची मज्जारज्जू पोटाच्या बाजूने, जागोजागी गाठी असलेली. सगळी मांडणीच उलटी. १९१५ मध्ये दोमिंगो सांचेससह त्याने कीटकांच्या डोळ्यांमागची मज्जाकेंद्रे तपासली. तिथली गुंतागुंत आणि कारागिरी पाहून हा मुरलेला संशोधकही चकित झाला. मात्र माशीतही पेशी सुट्याच होत्या.

उतारवयातही त्याचा वाद संपला नव्हता. १९३३ मध्ये त्याने पुन्हा याच विषयावर लिहिले आणि १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदला त्याचे निधन झाले. दोन पेशींमधली फट १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसली. काही पेशी बारीक नळ्यांनी थेट जोडलेल्या असतात, हेही मग कळले. आणि २०२३ मध्ये कंगव्यासारख्या केसांच्या रांगांनी पोहणाऱ्या एका पारदर्शक समुद्री जीवाच्या पिल्लात खरोखरच अखंड मज्जाजाल सापडले. म्हणजे गोल्जीचे जाळे कुठेतरी होते, फक्त समुद्रात!

वडिलांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी ते पेशीचे चित्र बराच वेळ पाहिले आणि पुस्तक दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतले.