सर अल्बर्ट ससून

मुंबईच्या दक्षिण टोकास, कुलाब्याच्या किनाऱ्यावर, एक जुनी दगडी गोदी आहे. पहाट फुटण्यापूर्वीच तेथे मासळीच्या होड्या येऊन लागतात आणि कोळणींच्या पाट्या भरू लागतात. हीच ससून गोदी होय. पुण्यात ससून रुग्णालय आहे. मुंबईत ससून ग्रंथालय आहे. हे आडनाव मराठी मुलखातले नव्हे. ज्या घराण्याचे ते नाव, ते घराणे परागंदा होऊन या किनाऱ्याला आले होते. त्या घराण्यातील अल्बर्ट ससून यांनी ही गोदी बांधली.

अल्बर्ट यांचे मूळ नाव अब्दुल्ला. त्यांचा जन्म इ. स. १८१८ मध्ये बगदाद शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा बगदादच्या पाशांचे खजिनदार आणि तेथील यहुदी समाजाचे प्रमुख होते. पुढे दाऊद पाशा या सुभेदाराने श्रीमंत यहुद्यांना छळून त्यांच्याकडून पैसा उकळण्यास आरंभ केला. तेव्हा अब्दुल्लाचे वडील डेव्हिड ससून यांना जीव वाचविण्यासाठी जन्मभूमी सोडावी लागली. इराणी आखातावरील बुशहर बंदरात काही काळ राहून, इ. स. १८३२ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले. त्या वेळी अब्दुल्ला जेमतेम चौदा वर्षांचा होता.

यहुदी लोक मुंबईला नवे नव्हते. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे मराठी बोलणारे बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहत होते. अशा या शहरात डेव्हिड यांनी आपली पेढी उघडली. इ. स. १८३३ च्या कायद्याने चीनच्या व्यापारातील ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी संपुष्टात आली आणि नव्या व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. डेव्हिड यांना आठ मुलगे होते. त्यांना दूरदूरच्या बंदरांत पाठवून त्यांनी आपल्या व्यापाराचे जाळे विणले. कापूस, सूत आणि कापड यांची ने-आण करून पेढी भरभराटीस आली.

परंतु या व्यापारात आणखी एक माल होता. तो म्हणजे अफू. माळव्यात पिकणारी अफू मुंबईहून चीनला जात असे. त्या व्यसनाने चीनमधील असंख्य घरांची धूळधाण झाली. तो व्यापार त्या काळी राजरोस चाले आणि अनेक नामांकित व्यापारी त्यात होते, हे खरे. तथापि ससून घराण्याच्या संपत्तीचा मोठा भाग त्यातून आला, ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही.

इ. स. १८६४ मध्ये डेव्हिड ससून पुण्यास निवर्तले आणि पेढीचा भार अब्दुल्ला यांच्या खांद्यावर आला. ती वेळ मोठी कसोटीची होती. इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तेथील कापूस विलायतेस पोहोचेनासा झाल्याने हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि सट्ट्याला ऊत आला. इ. स. १८६५ मध्ये युद्ध थांबताच कापसाचे भाव कोसळले. मोठमोठ्या पेढ्या आणि बँका बुडाल्या. कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर ठरले. त्या वादळातही ससूनांची पेढी टिकून राहिली.

त्या काळी आपला कापूस गासड्या बांधून विलायतेस जाई आणि तेथे विणलेले कापड परत येऊन आपल्याच बाजारात विकले जाई. कापूस येथेच पिकतो, तर सूतही येथेच का कातू नये? कावसजी दावर या पारशी उद्योजकाने इ. स. १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीचा पाया घालून या प्रश्नाला उत्तर दिले होते. अब्दुल्ला यांनीही तीच वाट धरली. इ. स. १८७४ मध्ये ससून सूतगिरणी व विणकाम कंपनी उभी राहिली.

माल बनविणे जितके अवघड, तितकेच तो जहाजावर चढविणेही अवघड होते. मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकीत. गासड्या पडावांत भरून तेथवर न्याव्या लागत. वेळ जाई आणि माल भिजे. इ. स. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि जहाजांची वर्दळ वाढली. तेव्हा अब्दुल्ला यांनी कुलाब्याच्या खडकाळ किनाऱ्यावर गोदी बांधण्याचे काम अंगावर घेतले. ही गोदी इ. स. १८७५ मध्ये पुरी झाली. भरतीचे पाणी दारे लावून आत अडविले जाई. त्यामुळे बाहेर ओहोटी लागली तरी जहाज तरंगत राही आणि धक्क्यावरूनच माल चढे. पश्चिम हिंदुस्थानातील अशा प्रकारची ही पहिली गोदी होय. पुढे ती सरकारने विकत घेतली.

त्यांना इ. स. १८७२ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि अल्बर्ट या नावाने ओळखले जाऊ लागले. एल्फिन्स्टन हायस्कूलच्या इमारतीस त्यांनी मोठी देणगी दिली. राजपुत्राच्या भेटीची आठवण म्हणून त्यांनी दिलेला अश्वारूढ पुतळा इ. स. १८७९ मध्ये मुंबईत उभा राहिला. त्यावरूनच त्या भागाला काळा घोडा हे नाव पडले. इ. स. १८९६ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे सर अल्बर्ट यांचे निधन झाले.

मुलांनो, गिरणीची कथा मालकाच्या नावाने सांगितली जाते. पण चात्या फिरत होत्या त्या मजुरांच्या श्रमावर. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. त्यांत तुमच्या वयाची, किंबहुना तुमच्याहून लहान मुलेही असत. इ. स. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र दिवसाला नऊ तास काम करावे लागे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी इ. स. १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभारली आणि इ. स. १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळवून दिली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील बहुतेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. राजपुत्राचा पुतळाही इ. स. १९६५ मध्ये त्या चौकातून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. गोदी मात्र आजही राबते आहे. आश्रयाला आलेल्या एका मुलाने या शहराला धक्का, गिरणी आणि शाळेची इमारत दिली, हे कृतज्ञतेने स्मरावे; ते धन कोठून आले आणि कोणाच्या घामाने वाढले, हेही विसरू नये. थोर म्हणविल्या जाणाऱ्या माणसांचे चरित्र वाचताना या दोन्ही गोष्टी तोलता आल्या, तरच ते वाचन सार्थकी लागते.