सेलेस्तें फ्रेने

सेलेस्तें फ्रेने (१५ ऑक्टोबर १८९६ – ८ ऑक्टोबर १९६६) हे फ्रेंच शिक्षक, लेखक व शिक्षणसुधारक होते. प्राथमिक शाळेच्या वर्गात छापखाना आणून मुलांच्या स्वतःच्या लेखनातून त्यांना लिहिण्यावाचण्यास शिकवणे, ही त्यांची प्रमुख ओळख होय.

प्रारंभिक जीवन
फ्रेने यांचा जन्म आग्नेय फ्रान्समधील गार्स या डोंगराळ खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. नीस येथील अध्यापक विद्यालयात शिकत असतानाच त्यांना पहिल्या महायुद्धात सैन्यात जावे लागले. १९१७ मध्ये ते गंभीर जखमी झाले व फुफ्फुसाची इजा कायम राहिली. १९२० मध्ये बार-सुर-लू येथील शाळेत ते रुजू झाले, तेव्हा वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे त्यांना झेपत नसे. शिक्षकाच्या व्याख्यानावर विसंबून नसलेली पद्धत शोधण्यामागे हे एक कारण होते.

शाळेतील छापखाना
फ्रेने मुलांना शेते व कारागिरांची कामे पाहण्यास नेत. परतल्यावर पाहिलेल्या गोष्टींवर वर्गात मजकूर तयार होई. १९२४ मध्ये त्यांनी वर्गात लहान मुद्रणयंत्र बसवले. मुले स्वेच्छेने लिहीत, लिहिलेले वाचून दाखवत आणि मतदानाने एक मजकूर निवडत. लेखक-विद्यार्थ्यासह सर्वजण तो फळ्यावर सुधारत. त्यानंतर मुलेच खिळे जुळवून तो छापत. प्रत्येक अक्षर हाताने बसवावे लागत असल्याने शुद्धलेखनाची सवय लागे. १९२६ पासून ब्रिटनीतील शिक्षक रने दानिएल यांच्या वर्गाशी छापील पानांची देवाणघेवाण सुरू झाली. त्यामुळे मुलांच्या लेखनाला शिक्षकापलीकडचा वाचक मिळाला.

विरोध
१९२८ मध्ये फ्रेने सें-पोल येथील शाळेत गेले. तेथे एका विद्यार्थ्याने नगराध्यक्षांवर हल्ला केल्याचे आपले स्वप्न लिहिले व ते छापले गेले. १९३२ मध्ये या मजकुराचा आधार घेऊन फ्रेने यांच्याविरुद्ध गावात भित्तिपत्रके लागली. साम्यवादी पक्षाशी असलेल्या त्यांच्या संबंधांमुळे वाद अधिक चिघळला आणि १९३३ मध्ये त्यांना ती शाळा सोडावी लागली. १९३५ मध्ये त्यांनी पत्नी एलीज यांच्यासह व्हांस येथे स्वतःची शाळा उघडली. स्पेनमधील यादवी युद्धातील निर्वासित मुलांना तेथे आश्रय मिळाला. १९४० मध्ये शासनाने फ्रेने यांना स्थानबद्ध केले. छावणीतही त्यांचे शैक्षणिक लेखन चालू राहिले.

वारसा
महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, फ्रेने यांनी आधुनिक शाळा चळवळीची सहकारी संस्था स्थापन केली. १९५७ मध्ये या चळवळीचा आंतरराष्ट्रीय महासंघ अस्तित्वात आला. १९६६ मध्ये व्हांस येथे त्यांचे निधन झाले. ज्या शासनाच्या सेवेतून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्याच शासनाने १९९१ मध्ये व्हांसची शाळा आपल्या ताब्यात घेऊन पुढे चालू ठेवली.