सेवेला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की सगळ्या घराचं वेळापत्रकच बदलतं. कूस बदलायची, अंग पुसून घ्यायचं, भांडं द्यायचं, औषधाच्या वेळा सांभाळायच्या, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लक्ष ठेवायचं. हे सगळं बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. ती ते निमूटपणे करते आणि त्याला कुणी काम म्हणत नाही. जिला नोकरीमुळे ते जमत नाही, ती पगार देऊन बाई ठेवते.

आमच्या आचोळ्यातून, एकूणच नालासोपारा-विरार पट्ट्यातून, अशा कितीतरी जणी डबा घेऊन लोकल पकडतात आणि मुंबईतल्या घरांमध्ये दिवसपाळी, रातपाळी करतात. सामाजिक कामाच्या निमित्ताने त्यांच्याशी माझं बोलणं होतं. पगाराबद्दल त्या बोलतातच, पण त्याहून जास्त बोलतात मानाबद्दल. कुठे त्यांचा कप वेगळा ठेवलेला असतो, कुठे जेवायला जागा नसते. काही जणी तर आपण नेमकं काय काम करतो हे नातेवाइकांना सांगतच नाहीत. लोक काय म्हणतील, ही भीती!

हे ऐकलं की मला रमाबाई रानडे आठवतात. २०१२ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘उंच माझा झोका’ मालिकेमुळे त्या आपल्या घराघरांत पोचल्या. न्यायमूर्ती रानड्यांची शिकलेली बायको म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण आजाऱ्याची सेवा हे शिकून करायचं, मानाचं काम आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या समाजाला दाखवून दिलं. त्या रमाबाईंबद्दल आपण फारसं बोलत नाही.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर. मुलीने अक्षर गिरवणंही अशुभ मानायचे असा तो काळ. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न झालं. महादेव गोविंद रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते, पहिली पत्नी वारली होती. ते सुधारक, त्यामुळे त्यांनी विधवेशी लग्न करावं अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नाही. निदान या मुलीला शिकवायचं, हे त्यांनी ठरवलं आणि लग्नानंतर लगेच पाटी हातात दिली.

पुढे रमाबाई इंग्रजीही शिकू लागल्या. शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाई येत. झालं! घरातल्या बायकांच्या दृष्टीने तो विटाळच. शिकवणी झाली की आंघोळ केल्याशिवाय रमाबाईंना स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. वर टोमणे, अबोला हे होतंच. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही आणि पुस्तकही सोडलं नाही. आपण काही वाईट करत नसताना आपल्या हाताला विटाळ चिकटतो म्हणजे काय, हे त्यांना त्या लहान वयातच पुरतं कळलं असणार. पुढच्या कामात हाच अनुभव त्यांच्या उपयोगी पडला असं मला वाटतं.

१८८४ मध्ये पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट चालली होती. तेव्हा गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. घरात मात्र त्या सून होत्या, गृहिणी होत्या. रात्री नवऱ्याच्या तळपायांना तूप चोळून देणं हे त्यांच्या नेमाचं काम होतं. १८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि संसार मुंबईला आला. शेवटी शेवटी त्यांना हृदयविकाराने ग्रासलं. आपला त्रास घरच्यांना कळू नये म्हणून ते तो दडवायचे. आणि रमाबाई? त्यांना तो कळायचा, तरी तसं दाखवायच्या नाहीत. घरात मोठ्या आजाराचा माणूस असला की ही लपाछपी आपणही खेळतोच की! १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या. जवळजवळ वर्षभर त्यांनी स्वतःला मिटून घेतलं. मग हळूहळू बाहेर पडल्या. कुठे गेल्या, तर येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला आणि इस्पितळातल्या रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं द्यायला. नवऱ्याच्या उशाशी बसून जी माया दिली, तीच आता परक्यांच्या वाट्याला आली.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे दोन सुधारक त्यांच्याकडे एक योजना घेऊन आले. बायकांना आधार द्यायचा आणि हिंदी स्त्रियांना परिचारिका म्हणून तयार करायचं. त्यातून मुंबईचं सेवासदन उभं राहिलं. रमाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याच्या त्यांच्या राहत्या वाड्यात पुणे सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधरांची त्यांना मोठी साथ होती. शिवण, वाचन, शिक्षिकांचं प्रशिक्षण यांना लोकांनी फारसा विरोध केला नाही. पण नर्सिंग म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडल्या. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, कुणाच्याही जातीचा माणूस हाताळायचा! चांगल्या घरातल्या बायकांनी हे करायचं? घरच्यांचं हेच सगळं त्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या होत्या, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रमाबाईंनी वाद घालत न बसता मुली आणि विधवा ससून रुग्णालयात शिकायला पाठवल्या आणि त्यांच्यासाठी वसतिगृह काढलं. घरात जिला फक्त कोपरा मिळत होता, तिच्या हाताला विद्या आली, कमाई आली.

एका बक्षीस समारंभातली गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. नर्सिंग शिकलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली. केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण. तिला पाहून गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई संतापल्या. बोलायला उठल्या तेव्हा त्यांनी त्या शिकलेल्या मुलांना सरळ विचारलं की तुमच्या घरात अशी बहीण, आत्या नाही का, आणि दुःखी बाईला हसणाऱ्यांनी स्वतःला सुशिक्षित कसं म्हणवून घ्यावं. सभागृह चिडीचूप झालं. त्या विधवेची बाजू घ्यायला कुणीतरी उठलं, तेही सगळ्यांसमोर. शिकवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच हेही.

पुढे आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या बायकांना घेऊन त्या यात्रेकरू स्त्रियांच्या मदतीला जात. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

मैत्रिणींनो, रमाबाईंच्या विद्यार्थिनी रुग्णालयात शिकल्या. आज तेच काम घराघरांत येऊन पोचलंय. माणसं जास्त जगतात, घरं लहान झाली आहेत, म्हातारपण लांबलंय. म्हणूनच दोन्ही मान जपायला हवेत. एक आजाऱ्याचा. अंग पुसताना दार लोटून घ्यावं, बाकीचं अंग झाकलेलं ठेवावं. हात लावण्याआधी सांगावं, जेवायला काय हवं ते त्यालाच विचारावं. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखं बोलू नये. दुसरा मान सेवा करणारीचा. ती घरातली सून असेल तर तिला आठवड्यातून काही तास तरी मोकळं करावं, आणि ते नणंदेने, दिराने, मुलाने करावं. ती बाहेरून येणारी असेल तर तिला नावाने हाक मारावी, आपल्यासारख्याच ताटात जेवू घालावं, टेकायला जागा द्यावी, सुट्टी द्यावी.

जिला स्वतःला मान मिळत नाही, तिने आपल्या आईला मानाने सांभाळावं, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?