पाच मिनिटांची कुदळ



आज वाचनात गीतेचा सहावा अध्याय होता. मनाला हळूहळू, धीर धरून वळवायला भगवंत अर्जुनाला सांगतात, तो भाग. वाचताना थोडी लाजच वाटली. मागच्या आषाढीला मी मोठ्या जोशात संकल्प सोडला होता: चातुर्मासात अख्खी ज्ञानेश्वरी, रोज शंभर ओव्या, अर्थासकट. कागदावर हिशोब एकदम बरोबर होता. नवव्या दिवशी ऑफिसातून घरी यायला रात्रीचे साडेदहा वाजले, वाचन राहिलं. दहाव्या दिवशी दोनशे वाचायच्या म्हणून मी बसलोच नाही. तिथेच संपलं सगळं.

गेल्या रविवारी पवनारला जाऊन आलो. नागपूरहून वर्धा रोडने निघालं की दीड-दोन तासांत धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम लागतो. शाळेत आपण विनोबा म्हणजे भूदान एवढंच शिकतो, एका मार्कापुरतं. आपल्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात 1923 साली ते तुरुंगात गेले होते, हेही कित्येकांना माहीत नसतं. पण मला तिथे सारखी आठवत राहिली ती त्यांची कुदळ.

सन 1938. विनोबा बेचाळीस वर्षांचे होते आणि वजन फक्त 88 पौंड, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. गांधीजींना काळजी वाटायला लागली. कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्या, असं त्यांनी सुचवलं. विनोबांनी निवडलं पवनार, घरापासून हाकेच्या अंतरावरचं! तिथे त्यांनी व्यायाम म्हणून शेत खणायला घेतलं. पहिल्या दिवशी किती? पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं जास्त. असं वाढवत वाढवत ते रोज दोन तासांवर गेले आणि काही महिन्यांत वजन चाळीसेक पौंडांनी वाढलं. मी असतो तर पहिल्याच दिवशी तासभर खणलं असतं, फोटो टाकला असता आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसलो असतो. तिथल्या जमिनीत खणताना भरत-राम भेटीची मूर्तीही निघाली. आजही आश्रमात तिचं दर्शन होतं.

हे वळण त्यांना आईकडून मिळालं असावं, असं मला वाटतं. आई रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहायचं व्रत घेतलं होतं, रोज एकेक दाणा मोजून. वडील शास्त्रीय बुद्धीचे. थोडे दाणे मोजायचे, वजन करायचं आणि त्या हिशोबाने लाख काढायचे, वर थोडे जास्त टाकायचे, म्हणजे काम झटपट, असा त्यांचा सल्ला. आईने विन्याला विचारलं. पोराने सांगितलं की प्रश्न आकड्याचा नाहीच, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, त्याचा आहे. आई मोजत राहिली.

याच आईला संस्कृत गीता कळत नव्हती. मराठीत चांगली गीता मिळेना, तेव्हा तूच का करत नाहीस, असं तिने मुलाला म्हटलं होतं. ती 1918 मध्ये गेली. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली 7 ऑक्टोबर 1930 ला, म्हणजे बारा वर्षांनी. पूर्ण झाली 6 फेब्रुवारी 1931 ला. सातशे श्लोक, एकशे तेवीस दिवस. सरासरी दिवसाला सहासुद्धा नाहीत. (मीही शेवटी त्यांच्या वडिलांसारखाच हिशोब करत बसलो!) पुढच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार ते गीतेवर बोलले. साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, आणि आपल्या हाती ‘गीता प्रवचने’ आली.

आता अवघड भाग. 1951 मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. विनोबांनी 1957 पर्यंत पाच कोटी एकरांचं लक्ष्य ठेवलं. मिळाली चाळीस लाख एकरांच्या वर, त्यातली बरीच नापीक, आणि सगळी वाटलीही गेली नाही. लक्ष्याच्या दहावा हिस्साही नाही. आपल्या ऑफिसात असा आकडा दाखवला तर काय होईल, विचार करा. ज्या भूमिहीनांना आशा लागली होती, त्यांच्यासाठी हे अपयश खरंच होतं, ते मी भक्तीच्या नावाखाली झाकणार नाही. पण 1957 उलटल्यावरही हा माणूस पहाटे उठून दहा-बारा मैल चालतच होता, आज हे गाव, उद्या पुढचं, थेट 1964 पर्यंत. पाच कोटी लोकांच्या हातात होते, चालणं त्यांच्या.

माझ्या संकल्पात हीच गडबड होती. शंभर ओव्यांचा आकडा मी ठरवला तो कार्तिकीला मिरवायच्या पूर्तीकडे बघून, रात्री साडेदहाला घरी येणाऱ्या माणसाकडे बघून नाही.

सोमवारपासून पुन्हा सुरू केलंय, दहा ओव्या. या चालीने अडीच वर्षं लागतील, आणि आईला हे सांगितलं तर ती हसली. आज सीताबर्डीहून मेट्रोत बसलो, खापरी येईपर्यंत सात झाल्या. उरलेल्या तीन आता, हे पोस्ट केलं की.