खांसाहेब अब्दुल करीम खां व त्यांच्या तबकड्या

सावेडीस आमच्या घरीं माझ्या आजोबांच्या वेळचा चावीचा फोनो आहे. शाळेंतील मुलें तो पाहावयास येतात, तेव्हां त्याला विजेची तार नाहीं याचेंच त्यांस प्रथम आश्चर्य वाटतें. बाजूची चावी दिली म्हणजे आंतील पोलादी कमान आवळली जाते, आणि ती सुटूं लागली कीं थाळी मिनिटास ७८ फेरे या वेगानें फिरते. सुई टेंकतांच प्रथम नुसती खरखर ऐकूं येते, आणि मग त्या खरखरींतून सूर वर येतो. आजोबांच्या संग्रहांत बहुतेक नाटकांतील पदेंच आहेत. परंतु एक तबकडी खांसाहेब अब्दुल करीम खां यांची आहे. ज्यांचा आवाज इतक्या वर्षांनीं आमच्या ओटीवर उमटतो, त्यांचें चरित्र मुलांस ठाऊक असावें, म्हणून हा लेख.

अब्दुल करीम यांचा जन्म १८७२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत कैराना येथें गवयांच्या घराण्यांत झाला. या गांवाच्या नांवावरूनच त्यांच्या गायकीस किराना घराणें म्हणतात. वडील काले खां व चुलते अब्दुल्ला खां यांजकडून त्यांस तालीम मिळाली. तरुणपणीं ते बडोद्याच्या दरबारीं कांहीं काळ गायक होते. पुढें मुंबईस आले आणि अखेरीस मिरजेस स्थायिक झाले.

मिरज म्हटलें कीं आपल्या वाचकांस डॉक्टर वॉन्लेस यांचा मिशन दवाखाना आठवेल. त्याच गांवांत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे व तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचीं घरेंही आहेत. खांसाहेबांचा जीव या दोन्ही ठिकाणीं रमला. वाद्यें दुरुस्त करण्यांत ते स्वतः वाकबगार होते, आणि तंबोरा मनाजोगा लागल्यावांचून त्यांचें गाणें सुरू होत नसे. त्यांचा आवाज पहाडी नव्हता. तो बारीक व अतिशय सुरेल होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व न्यायाधीश क्लेमेंट्स हे श्रुतींचा अभ्यास करीत असतां, सूक्ष्म स्वर गळ्यानें काढून दाखविण्याच्या कामीं त्यांस खांसाहेबांचें साहाय्य झालें.

१९१३ सालीं त्यांनीं पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापन केलें. तेथें विद्यार्थ्यांस घरच्याप्रमाणें ठेवून शिकवीत, आणि खर्चासाठीं खांसाहेब गांवोगांव जलसे करीत. आपल्या टिपू नांवाच्या कुत्र्यासही त्यांनीं सुरांत सूर मिळविण्यास शिकविलें होतें असें सांगतात. फोनोच्या तबकडीवरील प्रसिद्ध कुत्रा नुसता ऐकत बसतो. हा गात असे! पुढें त्यांच्या संसारांत फूट पडली व मुलें दुरावलीं. तीं सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे या नांवांनीं स्वतःच्या गुणांवर मोठीं झालीं.

आतां तबकड्यांविषयीं. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण करण्यास विलायतेची मंडळी १९०२ सालीं कलकत्त्यास आली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत खांसाहेबांचें गाणें प्रथम मुद्रित झालें. त्या वेळीं मायक्रोफोन नव्हता. गवयानें मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें, आणि त्या आवाजाच्या जोरानेंच मेणावर रेघ कोरली जावयाची. बारीक आवाजाच्या गवयास ही शिक्षाच होती. १९२५ नंतर विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें, आणि १९३० नंतर ओडियन कंपनीनें घेतलेल्या त्यांच्या तबकड्यांत तो नाजूक आवाज पुष्कळसा जसाच्या तसा उतरला.

परंतु वेळेची अडचण राहिलीच. तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांच्या आसपासच गाणें मावे. जो गवई एका रागाचा आलाप तास-तास सावकाश उलगडीत असे, त्यास तेवढ्यांत सर्व आटपावें लागे. पुष्कळ थोर गवयांनीं या यंत्राचा धिक्कार केला, आणि त्यांचा राग अगदींच अनाठायीं होता असें मला वाटत नाहीं. खांसाहेबांनीं मात्र तीं मिनिटें पत्करलीं व त्यांत घाई दिसूं दिली नाहीं.

त्याचें फळ कोठें मिळालें पाहा. गदगच्या एका शाळामास्तरांच्या लहान मुलानें खांसाहेबांची झिंझोटी रागांतील ठुमरीची तबकडी एका दुकानांत ऐकली, आणि असें गाणें आपल्यास आलेंच पाहिजे या ध्यासानें १९३३ सालीं, अकराव्या वर्षीं, घर सोडलें. (घरीं न सांगतां पळून जाण्याचें मी शिक्षक या नात्यानें समर्थन करूं शकत नाहीं.) पुष्कळ भटकून तो मुलगा १९३६ सालीं कुंदगोळास, खांसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांजकडे शिकूं लागला. तेच पंडित भीमसेन जोशी. २००८ सालीं त्यांस भारतरत्न जाहीर झालें.

१९३७ सालीं खांसाहेब मद्रासेकडे गेले होते. तेथून पाँडिचेरीस जात असतां गाडींतच त्यांच्या छातींत कळ आली. सिंगपेरुमाळकोइल नांवाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, नमाज पढले, तंबोरा लावून दरबारी रागांत ईश्वराचें नांव गाइले, आणि २७ ऑक्टोबर रोजीं फलाटावरच त्यांनीं देह ठेविला, असें सांगतात. त्यांस मिरजेच्या दर्ग्यांत मूठमाती देण्यांत आली, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथें गवई हजेरी लावूं लागले.

मुलें मला ती तबकडी पुन्हा पुन्हा लावावयास सांगतात व मी नाहीं म्हणतों. याचा त्यांस राग येतो. कारण असें कीं, तबकडी लाखेची असते, आणि सुई तिच्या रेघेंत नीट बसावी म्हणून त्या लाखेंत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते. त्या भुकटीनें सुई झिजते, म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई लागते. आणि त्या जड सुईखालीं रेघही झिजते. प्रत्येक वेळीं ऐकतांना त्या आवाजांतील थोडेसें कायमचें जातें. त्याच गाण्याची नवी प्रत यंत्रावर हवी तितक्यांदा ऐकावी, तिचें कांहीं बिघडत नाहीं. पण आजोबांनीं ऐकलेली रेघ ही एकच आहे. न वाजवितां कपाटांत ठेवली तर ती टिकेल, परंतु मग ती तबकडी कशाची? म्हणून मीं असें ठरविलें आहे कीं, दर वर्षीं २७ ऑक्टोबरला नवी सुई घालून ती एकदांच लावावयाची. त्या दिवशीं ज्यांना यावयाचें असेल, त्यांनीं सायंकाळीं दिवे लागावयाच्या आधीं यावें. चावी द्यावयास एक मुलगा लागतोच.